विश्लेषण : चित्र विकले, हाती उरला मोबाइलचा फोटो… कलाकृतीची अस्सल छापील प्रत तयार होते कशी?

चित्र विकले गेले, की ते घेणाऱ्याच्या घरी किंवा कार्यालयाच्या भिंतीवर जाते. चित्रकाराकडे अनेकदा उरतो तो मोबाइलवर घाईत टिपलेला एक फोटो. काही वर्षांनी पुस्तकासाठी, कॅटलॉगसाठी किंवा प्रती विकण्यासाठी ते चित्र हवे झाले, की या फोटोच्या मर्यादा उघड होतात. दुसरीकडे ऑनलाइन बाजारात ‘म्युझियम क्वालिटी’, ‘आर्काइव्हल’, ‘झीक्ले’ अशा भारदस्त नावांनी प्रती विकल्या जातात. एकाच चित्राच्या दोन प्रतींच्या किमतीत मोठी तफावत असते आणि ती कशामुळे, हे ग्राहकाला कळत नाही. ही तफावत समजून घ्यायची तर मूळ चित्रापासून छापील कागदापर्यंतचा प्रवास पाहावा लागतो.

मोबाइलचा फोटो का पुरत नाही?

हे साध्या गणितातून कळते. हातात धरून जवळून पाहायच्या चांगल्या छपाईसाठी दर इंचाला सुमारे ३०० पिक्सेल लागतात, असे व्यवसायात मानले जाते. तीन फूट बाय चार फुटांचे चित्र मूळ आकारात छापायचे असेल, तर ३६ गुणिले ३०० आणि ४८ गुणिले ३००, म्हणजे १०,८०० बाय १४,४०० पिक्सेल हवेत. ही संख्या १५ कोटी ५५ लाखांच्या आसपास जाते. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइल फोटोत असतात सव्वा कोटीहून कमी. त्यातून याच दर्जाची प्रत जेमतेम १३ बाय १० इंचांची निघते. मोठी प्रत दुरून पाहायची असेल तर कमी पिक्सेलही चालतात. पण जवळ गेल्यावर कुंचल्याचे फटकारे विरघळल्यासारखे दिसतात.

अडचण केवळ पिक्सेलची नाही. मोबाइलचे सॉफ्टवेअर फोटो ‘छान’ दिसावा म्हणून आपणहून रंग गडद करते, सावल्या उजळते, कडा धारदार करते. सहलीच्या फोटोला ते शोभते. चित्राच्या प्रतीत मात्र तो चित्रकाराच्या कामात केलेला बदल ठरतो. भिंगाच्या दोषामुळे आणि फोन किंचित तिरका धरल्यामुळे चित्राच्या सरळ कडाही वाकड्या येतात.

मग स्कॅनर की कॅमेरा?

कागदावरचे लहान, सपाट काम, उदाहरणार्थ पेनचे रेखाटन किंवा जलरंगातील छोटे चित्र, काचेच्या सपाट स्कॅनरवर चांगले टिपले जाते. प्रकाश सारखा पडतो आणि भूमितीही बिघडत नाही. मात्र खडू, कोळसा किंवा पेस्टलचे काम काचेवर पालथे घातले, तर रंगाची भुकटी काचेला चिकटते. जाड तैलरंगाच्या चित्राला तर काचेचा स्पर्शही धोक्याचा. शिवाय बहुतेक स्कॅनर ए-फोर किंवा ए-थ्री आकाराचेच असतात.

म्हणून मोठ्या आणि जाड पोताच्या चित्रांसाठी कॅमेरा वापरतात. कॅमेरा चित्राला अगदी समांतर बसवला जातो. दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांच्या कोनात सारख्या ताकदीचे दिवे ठेवले जातात आणि चारही कोपऱ्यांत व मध्यभागी प्रकाश सारखा आहे ना, हे मोजून पाहिले जाते. वार्निश चढवलेल्या चित्रावर दिव्यांची चमक येते. ती घालवण्यासाठी दिव्यांवर आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर एकमेकांना काटकोनात असलेले पोलरायझिंग फिल्टर लावतात. चमक जाते, पण त्याबरोबर रंगाच्या थराचा उठावही दबतो. त्यामुळे काही जण फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय अशी दोन्ही छायाचित्रे घेऊन त्यांचा मेळ घालतात. चित्र फार मोठे असेल तर त्याचे तुकड्यातुकड्यांनी फोटो काढून ते संगणकावर जोडले जातात. वरच्या उदाहरणातील चित्राची १६ बिटची एक फाइल ९०० एमबीच्या पुढे जाते, ती यामुळेच.

रंग जुळत का नाहीत?

साडीवर मॅचिंग ब्लाउज पीस घेताना आपण तो दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहतो. दुकानातल्या दिव्याखाली जुळलेला रंग बाहेर वेगळाच निघतो, हा अनुभव घरोघरी आहे. चित्राच्या प्रतीचेही तेच. मूळ चित्रातला निळा हा खनिज किंवा रासायनिक रंगद्रव्याचा असतो आणि प्रतीतला निळा असतो तीन-चार शाईंच्या सूक्ष्म थेंबांचा. एका प्रकाशात ते जुळले तरी दुसऱ्या प्रकाशात जुळतीलच असे नाही. त्यामुळे प्रत मूळ चित्राशी ताडून पाहताना सुमारे ५००० केल्विनचा प्रमाणित पांढरा प्रकाश वापरतात.

त्याआधीची पायरी म्हणजे रंगतक्ता. ठरावीक मोजमापाच्या रंगीत चौकोनांचा तक्ता चित्राबरोबर त्याच प्रकाशात टिपला जातो. त्या चौकोनांचे खरे मूल्य आधीच माहीत असल्याने कॅमेऱ्याने किती चूक केली, हे संगणकाला कळते आणि दुरुस्ती होते. संगणकाचा पडदा उपकरणाने मोजून जुळवला जातो. प्रिंटर, शाई आणि कागद यांच्या प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र ‘प्रोफाइल’ तयार होते. यातली एक कडी निसटली, की आकाश जांभळे दिसू लागते किंवा चेहऱ्यावर हिरवट छटा येते.

आणि काही गोष्टी कितीही काळजी घेतली तरी नेहमीच्या छपाईत उतरत नाहीत. सोन्याचा वर्ख, चंदेरी रंग किंवा फ्लोरोसंट रंगांची झळाळी तिच्या आवाक्याबाहेरची आहे. वारली चित्रात गेरूच्या तांबूस पृष्ठभागावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ उमटवलेली असते. नेहमीच्या इंकजेट प्रिंटरमध्ये मात्र पांढरी शाई नसते. तिथे पांढरी रेघ म्हणजे शाई न पडलेला कोरा कागद. मूळ चित्रात वर असलेली रेघ प्रतीत खाली असते. त्यामुळे रेघेचा आकार तोच राहिला, तरी तिचा खरखरीतपणा आणि उठाव हरवतो.

‘झीक्ले’ म्हणजे नेमके काय?

नाव फ्रेंच असले तरी शब्द अमेरिकेत घडला. संगीतकार ग्रॅहम नॅश यांनी कॅलिफोर्नियात ‘नॅश एडिशन्स’ ही छपाईची कार्यशाळा सुरू केली. कागदी छपाईच्या पूर्वचाचणीसाठी बनवलेला ‘आयरिस’ हा इंकजेट प्रिंटर तिथे कलाकृतींसाठी वापरला गेला. ‘इंकजेट प्रिंट’ म्हटले की कचेरीतल्या प्रिंटरची आठवण होते, म्हणून तेथील मुद्रक जॅक डुगान यांनी १९९१ मध्ये ‘झीक्ले’ हा शब्द योजला. फवारणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून तो घेतला आहे. थोडक्यात, झीक्ले म्हणजे फवाऱ्याने, अर्थात इंकजेटने केलेली छपाई.

या शब्दाला कोणतीही कायदेशीर व्याख्या नाही. उत्तम कागदावर केलेली प्रतही झीक्ले आणि साध्या कागदावर घाईत काढलेली प्रतही झीक्ले म्हणून विकता येते. एचिंग, लिथोग्राफ किंवा लाकडी ठशांची मुद्राचित्रे यांच्याशीही तिची गल्लत होता कामा नये. मुद्राचित्रात कलावंत ठसा स्वतः घडवतो आणि त्यावरून निघणारा प्रत्येक छाप ही मूळ कलाकृतीच असते. झीक्ले ही सहसा आधीच्या चित्राची प्रत असते.

प्रत किती वर्षे टिकते?

हे शाई, कागद आणि भिंत या तिघांवर ठरते. सुरुवातीच्या आयरिस प्रती दिसायला सुंदर होत्या. पण त्यांतील विरघळणारी ‘डाय’ शाई प्रकाशात लवकर उडत असे. आता दर्जेदार छपाईत रंगद्रव्याचे सूक्ष्म कण असलेली ‘पिगमेंट’ शाई वापरतात. ती कितीतरी अधिक टिकते. कागद आम्लमुक्त आणि शक्यतो कापसाच्या धाग्यांचा हवा. काही कागद अधिक पांढरे दिसावेत म्हणून त्यांत उजाळा देणारी रसायने असतात. कालांतराने त्यांचा परिणाम ओसरतो आणि कागद पिवळसर दिसू लागतो.

‘१०० वर्षे टिकेल’ असा दावा असतो, तो तीव्र प्रकाशाखाली वेगाने घेतलेल्या चाचण्यांवरून काढलेला अंदाज असतो. त्यात काचेची फ्रेम आणि घरातला मध्यम प्रकाश गृहीत धरलेला असतो. कोकणातल्या दमट हवेत, खिडकीसमोर, काचेविना टांगलेल्या प्रतीला तो लागू होत नाही.

महाराष्ट्राला हे नवे आहे का?

मुळीच नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला. जर्मन तंत्रज्ञांच्या मदतीने तिथे दगडी शिळांवरून, प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा वापरून चित्रे छापली जात. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. संस्थानिकांच्या दिवाणखान्यातली लक्ष्मी आणि सरस्वती सामान्यांच्या देवघरात आली ती या छपाईमुळे. छापील रंग मूळ तैलरंगांपेक्षा भडक होते, तपशील कमी होते. तरीही अनेकांच्या मनातले रविवर्मा आजही त्या छापील प्रतींचेच आहेत. प्रत मूळ चित्राची जागा कशी घेते, याचे याहून ठळक उदाहरण नसेल.

अजिंठ्याची कथा अधिक क्लेशदायक आहे. रॉबर्ट गिल यांनी १८४० च्या दशकापासून लेण्यांतील चित्रांच्या रंगीत प्रती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रती केल्या. त्यांतल्याही अनेक लंडनमध्येच आगीत गेल्या. प्रती करताना रंग उठून दिसावेत म्हणून भिंतीवरील चित्रांना वार्निश लावले गेले. ते पुढे पिवळे पडून मूळ चित्रांचेच नुकसान झाले. मूळ कृतीला स्पर्श न करणे आणि प्रत एकाच ठिकाणी न ठेवणे, हे दोन्ही धडे तिथे मिळतात.

जगातील संग्रहालये काय करतात?

ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियमने जानेवारी २०२२ मध्ये रेम्ब्राँ यांच्या ‘द नाइट वॉच’चे ७१७ अब्ज पिक्सेलचे छायाचित्र खुले केले. त्यासाठी ८,४३९ छायाचित्रे जोडण्यात आली. मूळ चित्रावरील दोन लगतच्या पिक्सेलमधील अंतर अवघे पाच मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. रंगाच्या थरातील भेगा आणि रंगद्रव्याचे कण त्यात दिसतात. पुढे चित्रात काही बदल झाला, तर तो या नोंदीशी ताडून पाहता येईल.

व्हेरोनीज यांचे ‘द वेडिंग ॲट काना’ हे भव्य चित्र नेपोलियनच्या सैन्याने १७९७ मध्ये व्हेनिसहून नेले. ते आजही पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. व्हेनिसमधील ज्या मठाच्या भोजनगृहासाठी ते रंगवले होते, तिथे २००७ मध्ये ‘फाक्टुम आर्ते’ या संस्थेने स्कॅनिंगच्या आधारे तयार केलेली मूळ आकाराची प्रत बसवली. मूळ चित्र परतले नाही. पण ते कोणत्या जागेसाठी होते, हे प्रतीमुळे पुन्हा अनुभवता येते.

प्रती काढण्याचा हक्क कोणाचा?

चित्र विकत घेतले म्हणजे त्याच्या प्रती छापण्याचा हक्क मिळाला, हा गैरसमज सर्रास आढळतो. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार चित्र ही वस्तू आणि चित्राचा कॉपीराइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉपीराइट लेखी स्वरूपात हस्तांतरित केला नसेल, तर तो विक्रीनंतरही चित्रकाराकडेच राहतो. मात्र एक अपवाद चित्रकारांनी लक्षात ठेवावा. कोणी मोबदला देऊन खास चित्र काढून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर त्याचा पहिला कॉपीराइट कलम १७ नुसार काम देणाऱ्याकडे जातो.

कॉपीराइटची मुदत चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची चित्रे मुक्त आहेत. वासुदेव गायतोंडे २००१ मध्ये निवर्तले. त्यांच्या चित्रांचा कॉपीराइट २०६१ अखेरपर्यंत राहील.

चित्रकार आणि ग्राहकाने काय पाहावे?

चित्रकाराने चित्र फ्रेम करण्याआधी आणि ताब्यात असतानाच ते टिपून घ्यावे. फ्रेमची काच चढली, की काम अवघड होते. रंगतक्त्यासह घेतलेली मूळ टिफ फाइल स्टुडिओकडून मागून घ्यावी, केवळ जेपेग नको. फाइल किमान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. संपूर्ण प्रत छापण्यापूर्वी त्याच कागदावर छोटा प्रूफ काढून तो मूळ चित्राशेजारी ठेवून पाहावा. विक्रीच्या पावतीवर ‘प्रती काढण्याचा हक्क चित्रकाराकडे’ ही एक ओळ लिहिली, तर पुढचे वाद टळतात.

ग्राहकाने विचारायचे प्रश्नही थोडेच आहेत. शाई पिगमेंट आहे का? कागद कोणता? प्रतींची संख्या मर्यादित असेल तर एकूण किती, आणि ही कितवी? ‘१२/५०’ असे लिहिलेले असेल तर पन्नासनंतर दुसऱ्या आकारात पुन्हा छापणार का? सही चित्रकाराने हाताने केली आहे की तीही छापलेली आहे? चित्रकाराची किंवा त्याच्या वारसांची परवानगी आहे का? या प्रश्नांना सरळ उत्तरे देणाऱ्याकडे प्रत घेण्यास हरकत नाही. उत्तराऐवजी ‘म्युझियम क्वालिटी’ हाच शब्द पुन्हा ऐकू आला, तर ती पोस्टरच्या किमतीला मिळत असेल तरच घ्यावी.