आकडा उतरला म्हणून निश्चिंत होऊ नका

चारकोपच्या म्हाडा वसाहतीत क्षयाचे औषध चालू असलेला रुग्ण नवलाचा नाही. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही औषधे जीव वाचवतात. क्वचित मात्र तीच यकृतावर उलटतात. ब्रिटनमध्ये औषधाने यकृत निकामी होण्याचे मोठे कारण पॅरासिटामॉल. आपल्याकडे क्षयाच्या गोळ्या.

अशा वेळी नातेवाईक रिपोर्टमध्ये एसजीपीटी या यकृतातल्या एन्झाइमचा आकडाच बघतात. तो दोन हजारांवरून दोनशेवर आला की घरात सुस्कारा सुटतो. पण हा आकडा मरणाऱ्या पेशींतून रक्तात आलेल्या द्रव्याचा. मरायला पेशीच उरल्या नाहीत तरी तो उतरतो!

खरी नजर आयएनआरवर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या आकड्यावर हवी. रक्त गोठवणारी प्रथिने यकृत बनवते, आणि त्यातला सातवा घटक काही तासांतच निम्मा होतो. म्हणून यकृत थकले की आयएनआर लगेच चढतो. मात्र प्लाझ्मा चढवल्यावर तो फसवा ठरतो.

लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयाने 1989 मध्ये मांडलेले, प्रत्यारोपणाची गरज ओळखण्याचे निकष आजही वापरात आहेत. पॅरासिटामॉलखेरीज अन्य कारण असेल तर आयएनआर 6.5 च्या वर जाणे एकटेच धोक्याचे. एरवी वय, बिलिरुबिन, कारण, आणि काविळीनंतर किती दिवसांनी शुद्ध हरपू लागली, हे एकत्र पाहतात. लॅक्टेट व अमोनियाही मोलाचे. यकृत-प्रत्यारोपणाचा निर्णय यांवरच वेळेत होतो.

क्षयाच्या गोळ्या चालू असताना अन्नावरची वासना उडाली, उलट्या झाल्या, लघवी गडद झाली, तर पुढचा डोस घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.