फळा, पाना आणि दोन एकर

कपाळावर पाटी लावलेल्या शिकाऊ मोटारी आपल्याला रोज दिसतात. चौकात सिग्नल हिरवा होतो, गाडी एक उडी मारून बंद पडते, मागून हॉर्नचा गलका होतो आणि शेजारी बसलेले मास्तर शांतपणे आपल्या बाजूचा क्लच दाबतात. अशी पाटी लावलेला ट्रक मात्र शेवटचा कधी दिसला, ते आठवून पाहा. मला हा नाद फार जुना आहे. हायवेवर शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या तोंडावर आणि मागच्या फाळक्यावर माझे डोळे आपोआप तीन शब्द शोधतात: मोटार ड्रायव्हिंग स्कूल. शाळेच्या गाडीवर शाळेचं नाव ठळक अक्षरांत लिहिलेलं असावं असा नियमच आहे. फाळक्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’ असतं, मालकाच्या पोरांची नावं असतात, लिंबू-मिरची लटकत असते. शाळा क्वचितच असते. मग एवढ्या अवजड गाड्या चालवायला शिकवतं कोण, या प्रश्नापायी मी केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या पुस्तकात शिरलो आणि तिथेच रमलो.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. तो आणि त्याखालचे केंद्रीय नियम १ जुलै १९८९ पासून लागू झाले. कायद्याचं कलम १२ ड्रायव्हिंग स्कूलना परवाना देण्याबद्दल आहे, आणि त्या परवान्यासाठी काय काय लागतं ते नियम २४ सांगतो. हा नियम माझा लाडका. शाळा म्हटली की सरकारला काय दिसतं ते त्यात स्वच्छ उतरलं आहे. सगळ्यात आधी फळा. मग रस्त्याचा आराखडा काढलेला, सिग्नलच्या प्रतिकृती मांडलेला फलक. वाहतूक चिन्हांचा तक्ता, पोलिसाच्या हातवाऱ्यांचा तक्ता, गाडीचा एकेक भाग उलगडून दाखवणारा तक्ता. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेकची जुळणी. पंक्चरचं सामान, टायर लिव्हर, व्हील ब्रेस, जॅक, हवा मोजायचं गेज. पान्यांचे सेट, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी. मुलांना बसायला बाकं, काम करायला टेबल. मोटार, रस्तासुरक्षा आणि कायदा यांवरच्या पुस्तकांचा संग्रह. शेवटी प्रथमोपचाराची पेटी.

यादी करणाऱ्या साहेबांच्या डोळ्यांपुढे आयटीआयची कार्यशाळा होती हे उघड आहे. मला त्यात वावगं काही दिसत नाही. उलट आजच्या कित्येक शाळांचा एका गाळ्यातला, एक टेबल आणि एक कॅलेंडर एवढाच संसार पाहिला की ही यादी फार उदार वाटते. शिकवणारा दहावी पास असावा, गाडी चालवण्याचा पाच वर्षांचा अनुभव असावा, मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम केलेला असावा, गाडीचे भाग दाखवून समजावता यावेत, अशाही अटी आहेत. पण त्यातच एक सवलत ठेवली आहे: नियम लागू होण्याआधी सलग पाच वर्षं जे शिकवत होते, त्यांना या पात्रतेतून सूट. खरे मास्तर कागदाविनाच शिकवत आले आहेत हे १९८९ साली दिल्लीलाही ठाऊक होतं.

या शाळांना गिऱ्हाईक कायद्यानेच मिळवून दिलं. ट्रक, टेंपो, बस अशा व्यावसायिक गाडीचं लायसन्स हवं असेल तर कलम ९ प्रमाणे मान्यताप्राप्त शाळेचं प्रमाणपत्र लागतं. तो नमुना ५. स्वतःची मोटार चालवणारा काकांच्या गाडीवर शिकून आला तरी आरटीओची हरकत नसते, ट्रकवाल्याला ती मुभा नाही. प्रशिक्षण किमान तीस दिवसांचं आणि प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किमान १५ तास. कोणी किती तास चालवलं त्याची वेगळी नोंदवही, तिचा वेगळा नमुना. नोंदवह्या भरायला आपला देश कधी कमी पडलेला नाही. १५ तासांचं म्हणाल तर मुंबईत माल भरून निघालेल्या ट्रकला नागपूर गाठायला जवळपास तेवढाच वेळ लागतो.

अभ्यासक्रम नियम ३१ मध्ये आहे आणि तो कोणीतरी मन लावून लिहिला आहे. इंग्रजी अक्षरांप्रमाणे ए ते के असे त्याचे अकरा भाग. त्यातला ‘जी’ हा भाग आहे ‘चालकांसाठी जनसंपर्क’! रस्त्यावरच्या इतरांशी सभ्यतेने आणि नीतीने कसं वागावं, हा त्याचा विषय. आगीच्या धोक्याचा भाग निराळा, प्रथमोपचाराचा निराळा. अवजड गाड्यांच्या भागात चांगल्या चालकाचे गुण दिले आहेत: धीर, जबाबदारी, आत्मविश्वास, पुढचं ओळखण्याची दृष्टी, एकाग्रता, सौजन्य. मुलगी दाखवताना मुलीकडच्यांनी सांगावेत असे हे गुण. पुढे येतात आणीबाणीचे प्रसंग. गाडी घसरली तर, ब्रेक फेल झाला तर, टायर फुटला तर, अॅक्सिलरेटर अडकून बसला तर, चाक निखळलं तर. आणि याच रांगेत, हॉर्न वाजायचा थांबेना तर. ही यादी वाचताना जाणवतं की लिहिणाऱ्याने खटारे चालवणाऱ्यांशी बोलून ती केली असणार. आता १५ तासांतला कुठला तास चाक निखळण्यासाठी राखून ठेवायचा, ते मात्र शाळेने ठरवावं.

देखभालीच्या भागात बॅटरी, टायर-ट्यूब, फॅन बेल्ट, ग्रीसिंग आणि डिझेलच्या लाइनमधला एअर काढणं ही कामं आहेत. इथे मला खरी शाळा सापडली, कारण ही सगळी कामं क्लीनरची.

क्लीनर म्हणजे आपला किन्नर. त्याची शाळा डाव्या दरवाजाशी भरते. पहिले काही महिने तो काच पुसतो, चहा आणतो, ताडपत्री ओढतो, दोर आवळतो. गाडी थांबली की टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन खाली उतरतो आणि एकेका टायरवर ठोका मारून कान लावतो. भरलेला टायर टणटणीत बोलतो, बसलेला भदभदतो. जोडचाकातला आतला टायर बसला असेल तर डोळ्यांना कळत नाही, ठोक्यालाच कळतं. गाडी मागे घेताना बॉडीवर तळव्याने थापा मारत तो ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणतो आणि ट्रकची शेपटी किती लांब आहे, वळताना मागचं चाक किती आत कापतं, हे बाहेरून शिकतो. मग कधीतरी पेट्रोलपंपाच्या आवारात उस्ताद, म्हणजे गाडीचा ड्रायव्हर, चावी देतो. मग रात्री मोकळ्या रस्त्यावर, रिकामी गाडी. भरलेली गाडी सगळ्यात शेवटी. या क्रमात शहाणपण आहे आणि ते कुठल्याही नमुन्यात बसत नाही. लायसन्स नसताना हायवेवर ट्रक चालवणं हा गुन्हा आहे, हेही तितकंच खरं. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा तेच विचारते.

उस्तादाच्या विद्येला दुसरी बाजूही आहे, तिचं गुणगान करणारे ती सांगत नाहीत. घाटाचं उदाहरण घ्या. ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, हा जुना नियम बोरघाटात घासून पक्का झालेला. खालच्या गिअरात इंजिनच गाडीला ओढून धरतं, ब्रेकला विसावा मिळतो. पण डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून उतार सोडणं हेही त्याच डाव्या सीटवरून शिकलं जातं. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, पकड जाते आणि पुढच्या वळणावर समोरची मोटार सापडते. चूक आणि विद्या एकाच तोंडून शिकलेल्या पोराला दोहोंतला फरक कोण सांगणार? तिथे फळा हवा, आणि फळ्यापुढे उभं राहून ड्रम का तापतो ते चित्र काढून दाखवणारा माणूस हवा. नियम २४ ला इतकी वर्षं नावं ठेवणाऱ्यांशी माझं इथेच पटत नाही.

आता मेवातचं भांडण. मला या सगळ्या शोधात सर्वांत जास्त गुंतवलं ते त्यानेच. २००७ साली नियम ८ मध्ये अट आली: व्यावसायिक वाहनाच्या लायसन्ससाठी उमेदवार आठवी पास हवा. जुन्या परवानाधारकांना नूतनीकरणात तिची झळ नव्हती, झळ नव्या पोरांना होती. हरियाणातल्या मेवातमध्ये, म्हणजे आताच्या नूंह जिल्ह्यात, मेव मुसलमानांची मोठी वस्ती आहे आणि ट्रक चालवणं हा तिथल्या असंख्य घरांचा पोटाचा धंदा. २०१८ मध्ये नीती आयोगाने मागास जिल्ह्यांची क्रमवारी लावली तेव्हा हा जिल्हा अगदी तळाशी होता. तिथल्या पोरांच्या हातात कसब आहे, शाळेचा दाखला नाही, अशी तक्रार घेऊन हरियाणा सरकार केंद्राकडे गेलं. जून २०१९ मध्ये परिवहन मंत्रालयाने अट काढण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीत कलम ९ मधले शिक्षणाचे शब्द गेले आणि मागोमाग नियम ८ ही गेला.

युक्तिवाद असा होता की गाडी चालवणं हे कसब आहे, शिक्षणाशी त्याचा संबंध नाही. शिवाय देशात बावीस लाख चालकांची कमतरता आहे. मला तो निम्मा पटतो. आठवी पास माणूस घाट जास्त चांगला उतरतो असं कोणी म्हणणार नाही. पण मंत्रालयाच्या त्याच निवेदनात पुढे शाळांवर जबाबदारी टाकली होती: शिकून बाहेर पडणाऱ्याला चिन्हं वाचता आली पाहिजेत, चालकाची नोंदवही ठेवता आली पाहिजे, निघण्यापूर्वी आणि पोचल्यावर गाडी तपासून अहवाल देता आला पाहिजे, कागद आणि प्रत्यक्ष यांतली तफावत ओळखता आली पाहिजे. एका हाताने शाळेचा दाखला काढून घेतला आणि दुसऱ्या हाताने कारकुनाचं काम दिलं! तीस दिवसांच्या ड्रायव्हिंग स्कूलने हे अक्षरज्ञान कुठून द्यायचं? नियम २४ मध्ये फळा आहे खरा, पण बाराखडी शिकवायला तो ठेवलेला नाही. मेवातच्या पोरांना लायसन्स मिळालं ही चांगलीच गोष्ट झाली. आठ वर्षांच्या शाळेऐवजी त्यांच्यासाठी काही महिन्यांचा साक्षरतेचा वर्ग मात्र कोणाला सुचला नाही, आणि भांडण तिथेच मिटलं.

गंमत म्हणजे शेजारचा नियम ९ जागचा हलला नाही. गॅस, रसायनं, पेट्रोल असा धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भारतीय भाषा आणि शिवाय इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते आणि तीन दिवसांचं खास प्रशिक्षण लागतं. टँकरच्या मागे लावलेल्या फलकावर काय लिहिलंय ते टँकरवाल्याला कळावं, ही अपेक्षा रास्तच आहे. सिमेंटवाल्याकडून मात्र ती नाही.

छोट्या गाड्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तो थोडक्यात उरकतो. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालगाडीला, म्हणजे छोटा हत्ती किंवा ४०७ ला, हलक्या मोटारीचं साधं लायसन्स चालतं असं २०१७ मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात ठरलं. विमा कंपन्या मागे हटल्या नाहीत. अखेर ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तेच कायम केलं. अशा लायसन्समुळे अपघात वाढले याची ठोस आकडेवारी पुढे आली नाही, हेही नोंदवलं. याचा अर्थ एवढ्या वजनापर्यंत नमुना ५ ची गरज उरली नाही.

मोठा बदल २०२१ चा. १ जुलैपासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रं नावाचा नवा प्रकार आला. अवजड गाड्या शिकवायच्या तर दोन एकर जागा हवी, सिम्युलेटर हवा, चाचणीचा ट्रॅक हवा, हजेरी बोटाच्या ठशाने. मास्तर आता बारावी पास. अवजड वाहनाचा कोर्स सहा आठवड्यांत ३८ तासांचा. इथून पास झालेल्याला आरटीओची चाचणी पुन्हा द्यावी लागत नाही. २०२४ च्या मे महिन्यात ‘आता खाजगी शाळाच लायसन्स देणार’ अशी आवई उठली ती यावरूनच. मंत्रालयाला खुलासा करावा लागला की लायसन्स अजून आरटीओच देतं आणि नियमही जुनेच आहेत.

दोन एकरांत घाट मावत नाही, ही माझी तक्रार. ट्रॅकवर चढ असतो, पण ड्रम तापेपर्यंत उतरत राहावं लागेल असा उतार नसतो. तरी तासांवरून नाक मुरडण्याआधी बाहेर पाहावं. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशाने मालवाहू चालकाची पूर्ण पात्रता २८० तासांची ठरवली, आणि त्यात प्रत्येकाला एकट्याने चालवायचे तास किमान वीसच. स्टिअरिंगवर ते आपल्याहून फार पुढे नाहीत; फरक उरलेल्या २६० तासांचा आहे, विश्रांतीचे नियम, माल बांधणं, इंधन, कायदा, आरोग्य. शिवाय दर पाच वर्षांनी ३५ तास पुन्हा वर्गात बसायचं. अमेरिकेत २०१६ च्या मसुद्यात मोठ्या ट्रेलरसाठी स्टिअरिंगवरचे तीस तास सुचवले होते. अंतिम नियमात ते उडाले. ७ फेब्रुवारी २०२२ पासून तिथे शिकणं सक्तीचं आहे, पण तासांची अट नाही. जमतंय असं मास्तरने ठरवायचं. उस्तादाची पद्धतच ती, फक्त सरकारी नोंदणीसह.

आपल्याकडे उस्ताद आणि त्याची डावी सीट दोन्ही मोडीत निघाली आहेत. २०२० पासूनच्या बीएस-६ इंजिनात बिघाड पान्याने सापडत नाही. सेन्सर बोलतो, युरिया संपला की गाडी मलूल होते आणि कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येतो. एअर काढायला शिकलेल्या क्लीनरचं तिथे काही चालत नाही. दुसरीकडे २०२५ च्या जुलैत महाराष्ट्रातल्या वाहतूकदारांनी संप केला, तेव्हा त्यांच्या मागण्यांत अवजड गाडीवर क्लीनरची सक्ती रद्द करा ही एक होती. मालकाचा हिशेब सरळ आहे: क्लीनरचा पगार, जेवण आणि भत्ता वाचतो. पण क्लीनर म्हणून चढलेला पोरगा दोन-तीन वर्षं पगार घेऊन शिकत होता. आता तेच शिकायला त्याने वीस वर्षं पूर्ण करायची, हलक्या वाहनाचं लायसन्स वर्षभर जवळ बाळगायचं, दोन एकरवाल्याची फी स्वतः भरायची, आणि ३८ तासांचं प्रमाणपत्र घेऊन मालकापुढे उभं राहायचं. मालक विचारणार, आधी कुठल्या गाडीवर होतास?