काट्याचा माग

नाशिकच्या द्वारका सर्कलजवळच्या एका लॅबमध्ये मी रक्ताच्या स्लाइड बघते. परवा ओझरकडचे एक द्राक्षबागायतदार काका आले. बाभळीचा काटा आत मोडून तळहात टरटरून सुजला होता. पांढऱ्या पेशींचा काउंट 16,400. एरवी 11,000 च्या आत असतो. "ताई, रक्त बिघडलं का हो?" बिघडलं नव्हतं. मदत निघाली होती.

लीशमन स्टेन हा रंग दिला की या पांढऱ्या पेशींतला न्यूट्रोफिल लगेच ओळखू येतो: जांभळं केंद्रक, तीन-चार कप्प्यांचं, बारीक दोऱ्यांनी जोडलेलं. स्लाइडवर तो निश्चल असतो. जिवंतपणी मात्र रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतो आणि काटा गाठतो. डोळे नसताना?

वासावर म्हणा. जंतूंच्या प्रथिनांचे तुकडे आणि दुखावलेल्या पेशींनी सोडलेलं इंटरल्यूकिन-8 काट्याजवळ दाट असतं, लांब विरळ. न्यूट्रोफिलच्या अंगभर ग्राहक प्रथिनं असतात. त्यांना हे रसायन चिकटलं की आतलं जी-प्रथिन दुभंगतं आणि निरोप पुढे सरकतो. पेशीच्या दोन टोकांमधला रसायनाचा फरक अगदी किंचित, पण तेवढ्यावर ती दिशा पकडते. इतकी वर्षं स्लाइड बघूनही मला याचं नवल वाटतं. दाट बाजूला रॅक नावाचं प्रथिन ॲक्टिनचे धागे उभारून पेशीचं अंग पुढे ढकलतं. मागे ऱ्हो हे प्रथिन शेपूट आवळून घेतं. अरेस्टिन हे प्रथिन ग्राहकाला वेळेवर गप्प करतं, तेही तितकंच गरजेचं.

पेशी अशा धावून जातात हे शास्त्रज्ञ मेच्निकॉफ यांनी 1882 मध्ये इटलीतल्या मेसिनाला पाहिलं, तेही काट्यामुळेच. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्यांनी गुलाबाचा काटा खुपसला. सकाळी त्याभोवती पेशींचा गराडा होता. त्यांचेच विद्यार्थी हाफकिन प्लेगच्या साथीत मुंबईला आले आणि 10 जानेवारी 1897 ला स्वतः बनवलेली लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. प्लेगचा जंतू नेमका पेशीतल्या या निरोप्या प्रथिनांवरच घाला घालतो. तो पांढऱ्या पेशीत योप-ई नावाचं प्रथिन टोचतो. रॅक आणि ऱ्हो बंद पडतात, पेशी जागच्या जागी लुळी होते.

काकांचा काटा डॉक्टरांनी काढला, पू निचरून टाकला. त्या पुवातही बहुतेक याच पेशी, काम करून मेलेल्या. पाचव्या दिवशी काउंट 9,100 आला. काका म्हणाले, "आता छाटणीला लागतो."