शितावरून भाताची परीक्षा

दिवाळीच्या सुमारास भोर-वेल्ह्याकडे भातकापणी चालू असते. (वेल्हे तालुका आता कागदोपत्री राजगड झाला, बोलण्यात अजून वेल्हंच.) नसरापूर फाट्यावरून आत वळलं की खाचरं पिवळी झालेली दिसतात. आमच्याकडे या दिवसांत रात्री भात मुद्दाम जास्तीचा लावत, सकाळच्या फोडणीसाठी.

रात्रीचा मऊ भात सकाळी टणक का होतो? वाळतो म्हणून, असं आपण म्हणतो. पण घट्ट झाकून ठेवलेला भातही टणक होतो. म्हणजे बदल शिताच्या आत झालेला असतो. तो पाहायचा तर शीत विरघळवून चालत नाही. विरघळलं की पाहायचं तेच मोडलं. अशा वस्तूंसाठी आहे घन अवस्थेतलं एनएमआर.

तत्त्व एमआरआयचंच. काही अणूंची केंद्रकं चिमुकल्या चुंबकांसारखी वागतात. त्यांना मोठ्या चुंबकात ठेवून रेडिओलहरींनी डिवचलं की ती आपापल्या शेजारपाजाराप्रमाणे थोड्या वेगळ्या सुरात उत्तर देतात. १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये साध्या अल्कोहोलमधल्या हायड्रोजनचे तीन वेगळे सूर टिपले गेले. त्या शोधनिबंधाच्या तीन लेखकांपैकी एक होते एस. एस. धर्मट्टी. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआरची सुरुवात त्यांनीच केली.

द्रवात रेणू सतत गिरक्या घेतात, त्यामुळे दिशेचे परिणाम एकमेकांना खोडतात आणि सूर स्वच्छ येतो. घन पदार्थात रेणू जागेवर खिळलेले, त्यामुळे नुसता गलका. त्यावर इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये रेमंड अँड्र्यू आणि सहकाऱ्यांनी १९५८ साली तोड काढली: रेणू फिरत नाहीत ना, मग अख्खा नमुनाच फिरवा, पण चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांत तिरका धरून. सगळ्या कडा सारख्या असलेल्या चौकोनी ठोकळ्याच्या खालच्या एका कोपऱ्यातून समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत आरपार काडी घातली, तर ती उभ्या कडेशी हाच कोन करते. शास्त्रज्ञ त्याला चक्क ‘जादूचा कोन’ म्हणतात.

नमुन्याची नळी झिर्कोनियाची, बहुधा ४ मिलिमीटर जाडीची. तीत तीन-चार तांदळांचं पीठ मावतं. हवेच्या झोतावर ती सेकंदाला १२ हजार फेरे घेते. हिशेब केला तर तिच्या बाहेरच्या कडेचा वेग ताशी ५४० किलोमीटरच्या वर जातो!

दुसरी अडचण कार्बनची. आपल्या कामाचा कार्बन-१३ शंभरात जेमतेम एक. म्हणून शेजारच्या हायड्रोजनचं बळ त्याला देतात, आपल्याकडे लावणीला सावडीनं माणसं येतात तसं. फरक इतकाच की या सावडीत परतफेड नाही. शिवाय हे बळ घट्ट बसलेल्या कार्बनलाच नीट पोचतं, सैल वळवळणाऱ्याला नाही. त्यामुळे शितातला ताठ भाग कुठला आणि ढिला कुठला, हेही आपोआप कळतं. मला या तंत्रातली हीच गंमत सर्वांत मोठी वाटते.

कच्च्या तांदळातल्या स्टार्चच्या साखळ्या दोन-दोन मिळून पीळ घालतात आणि ते पीळ दाटीनं रचलेले असतात. सुरांच्या आलेखात एका ठराविक कार्बनच्या जागी तेव्हा तीन शिखरं दिसतात. शिजवलं की पीळ सुटतात, पाणी शिरतं, शिखरं पसरट होतात. भात निवला की साखळ्या पुन्हा पीळ घालू लागतात, पण नव्या रचनेत. बटाट्याच्या स्टार्चसारखी ही रचना जास्त पाणी पोटात धरते, आणि तीन शिखरांच्या जागी दोन दिसतात. शिळा भात म्हणजे परत कच्चा झालेला तांदूळ नव्हे, ही वेगळीच वस्तू आहे.

हेच तंत्र हाड, रेशीम, कोळ्याचं जाळं यांनाही लागू पडतं. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे प्रथिनांचे तंतू विरघळत नाहीत, त्यांचे नीट स्फटिकही होत नाहीत. अमेरिकेत रॉबर्ट टायको यांच्या गटानं २००२ साली त्यांच्या रचनेचा आराखडा मांडला तो याच तंत्रानं. टाटा संस्थेत सुदीप्त मैती आणि पी. के. मधू यांनीही या प्रथिनावर काम केलं आहे. पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही घन पदार्थांचं एनएमआर होतं.

आता फोडणी. पाण्याचा हबका मारून झाकण ठेवलं की साठ अंशांच्या आसपास फांद्या असलेल्या साखळ्यांचे पीळ सुटतात आणि शीत मऊ होतं. सरळ साखळ्यांचे पीळ मात्र शंभर अंशांच्या वर गेल्याशिवाय सुटत नाहीत, आणि कढईतला ओला भात तिथवर पोचत नाही. म्हणून शीत मऊ होऊनही सुटं राहतं. कुणी ताज्या भातालाच फोडणी घालायला निघालं की आजी हातातला झारा काढून घेई. “गोळा होईल,” म्हणे, “रात्रभर राहू दे त्याला.”