गोरेपणाची क्रीम घेण्याआधी डबी उलटून वाचा

अक्कलकुवा, मोलगीच्या बाजारातून क्रीम घेणाऱ्या बहिणींनो, अकोल्यात काय झालं ते ऐका. एका घरातल्या आई आणि दोन मुली स्थानिक पातळीवर बनलेली गोरेपणाची क्रीम लावत होत्या. तिघींचीही मूत्रपिंडं आजारी पडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कारण सापडलं: क्रीममधला पारा. २०२३च्या सुरुवातीला ही बातमी आली.

पारा त्वचेला रंग देणारं मेलॅनिन बनू देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण तोच त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पाराही आपल्याकडे १ पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत एक भागाच्या, वर चालत नाही.

डबीवर हे बघा:
✅ कंपनीचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत
❌ मर्क्युरी, कॅलोमेल ही पाऱ्याची नावं किंवा ‘सोन्याचांदीला लागू देऊ नका’ अशी सूचना
❌ बीटामेथासोन, क्लोबेटासोल: ही स्टेरॉइडं आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नकोच

क्रीम वापरत असताना पाय सुजले, लघवीला फेस येऊ लागला, तर ती लगेच बंद करा आणि डबी घेऊनच डॉक्टरांकडे जा. लेबल नसलेली क्रीम कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. घरातल्या मुलींनाही हे नक्की सांगा.