नाव नसलेलं बटण: दृष्टिहीन संगीतकार आणि घरचं ध्वनिमुद्रण



मागच्या व्याख्यानात आपण सांख्यांचा पंगु-अंध न्याय पाहिला होता. दोघेजण रानात चुकले आहेत. एकाला पाय आहेत पण डोळे नाहीत, दुसऱ्याला डोळे आहेत पण पाय नाहीत. आंधळा लंगड्याला खांद्यावर घेतो, लंगडा वाट दाखवतो, आणि दोघे रानाबाहेर पडतात. ईश्वरकृष्णाने हा दृष्टांत प्रकृती आणि पुरुष यांच्यासाठी योजला. प्रकृती करते पण जाणत नाही, पुरुष जाणतो पण करत नाही.

ते व्याख्यान ऐकून आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो जन्मापासून दृष्टिहीन आहे. पेटी शिकवतो आणि घरीच भजनांचं ध्वनिमुद्रण करतो. म्हणाला, "सर, दृष्टांत ऐकला. त्यातल्या आंधळ्याला नुसते पायच का हो? कान नव्हते का त्याला?"

आम्ही हसलो, फोन ठेवला, आणि मग हसू ओसरलं. इतकी वर्षं हा दृष्टांत वर्गात सांगितला, पण हा प्रश्न आम्हाला कधी सुचला नव्हता. म्हणून दोन संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन बसलो. तिथे जे पाहिलं, आणि त्यानंतर जे वाचलं-विचारलं, ते आज आपल्यापुढे मांडायचं आहे. विषय यंत्राचा वाटेल, पण शेवटी आपण आपल्याच घरी, म्हणजे दर्शनांकडे, परत येणार आहोत.

आधी स्क्रीन रीडर म्हणजे काय ते समजून घेऊ. बहुतेकांची अशी कल्पना असते की हा प्रोग्रॅम पडद्याकडे "बघतो" आणि दिसेल ते वाचून दाखवतो. तसं नाही. संगणकावरच्या प्रत्येक प्रोग्रॅमने आपल्या घटकांची माहिती ऑपरेटिंग सिस्टिमला एका ठरलेल्या वाटेने द्यायची असते. ही माहिती मुख्यतः तीन गोष्टींची: या घटकाचं नाव काय, प्रकार कोणता, आणि आत्ता त्याची अवस्था काय. स्क्रीन रीडर ही माहिती घेतो आणि आवाजात किंवा ब्रेल पट्टीवर देतो. म्हणजे तो चित्र वाचत नाही, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने दिलेलं वर्णन वाचतो. वर्णनच दिलं नसेल तर तो नुसतं "बटण" म्हणतो. पुन्हा "बटण". पुन्हा "बटण". हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माणूस हा सगळा कारभार कीबोर्डवरून करतो, माऊस लागतच नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या खोलीत आम्ही गेलो तेव्हा लॅपटॉपचा पडदा काळा होता. आम्हाला वाटलं, बंदच आहे. तर एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये पडदा काळा ठेवायची सोयच आहे. आपण काय करतोय ते शेजारच्याने वाचू नये, एवढाच हेतू. आणि तो जो आवाज होता, तो इतका वेगाने बोलत होता की आम्हाला एक शब्द उमगेना. त्याला सगळं कळत होतं. त्या खोलीत निरक्षर कोण होतं, ते आपण समजून घ्या!

आता थोडा इतिहास. संगीत आणि दृष्टिहीनांची लिपी यांचं नातं जुनं आहे. लुई ब्रेल स्वतः पॅरिसमध्ये ऑर्गन वाजवत असे, आणि 1829 साली त्याने आपली ठिपक्यांची पद्धत प्रसिद्ध केली तेव्हा तिच्यात संगीतलेखनाचीही व्यवस्था होती. आपल्याकडे पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचं उदाहरण आहे. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांच्या दृष्टीला इजा झाली, म्हणून ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेले. पुढे 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि स्वतःची स्वरलेखन पद्धती बसवली. दृष्टी अधू, आणि काम लिपीचं. यात विसंगती वाटते ती आपल्याला, त्यांना वाटली नसावी.

ध्वनिमुद्रणाचं मात्र वेगळं झालं. टेपच्या जमान्यात यंत्राला खरी बटणं होती, खुंट्या होत्या, सरकपट्ट्या होत्या. बोटांनी त्या सापडत. नंतर संगणक आला. डॉसच्या काळात पडद्यावर मजकूरच असे, तो बोलून दाखवणं सोपं होतं. टेड हेंटर हा मोटरसायकल शर्यतपटू 1978 साली अपघातात दृष्टी गमावून बसला, मग प्रोग्रॅमर झाला, आणि त्याच्या कंपनीने 1989 साली जॉज हा स्क्रीन रीडर काढला. पण त्यानंतर चित्रांचे पडदे सर्वत्र पसरले. ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये तर खुंटीचं चित्र, सरकपट्टीचं चित्र, आवाजाच्या लाटेचंही चित्र! ज्या कलेला डोळ्यांची गरज सर्वांत कमी, तिचं कामाचं दालन डोळ्यांशिवाय चालेनासं झालं. हा मोठाच उलटा न्याय म्हणायचा.

वाट पुन्हा कशी उघडली? ऑस्ट्रेलियात मायकेल करन आणि जेम्स टेह नावाची दोन दृष्टिहीन मुलं भेटली. कुठे भेटली, तर दृष्टिहीनांच्या संगीत शिबिरात. दोघांनाही संगणकाचा नाद. पुढे 2006 साली करनने एनव्हीडीएचं काम सुरू केलं आणि टेह त्याला येऊन मिळाला. हा स्क्रीन रीडर विनामूल्य आहे आणि त्याची घडणही सर्वांना खुली आहे. त्याच्यासोबत येणारा बोलका आवाज मराठीही वाचतो. उच्चार यांत्रिक आहे, पण वाचतो. मॅकवर 2005 पासून व्हॉइसओव्हर संगणकातच बसवलेला मिळू लागला. पुढे टेहने रीपर या ध्वनिमुद्रण प्रोग्रॅमला जोडण्यासाठी ओसारा नावाचा पूरक प्रोग्रॅम सुरू केला. तोही विनामूल्य. रीपरचा वैयक्तिक परवाना 60 डॉलरला मिळतो, आणि आधी 60 दिवस वापरून पाहता येतो. म्हणजे साधा लॅपटॉप, एक मायक्रोफोन, मायक्रोफोन जोडायचा ऑडिओ इंटरफेस आणि हेडफोन, एवढ्यावर काम सुरू होतं.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहू. समजा एका भजनात तानपुरा, पेटी, तबला, टाळ आणि गळा आहे. प्रत्येकासाठी एकेक ट्रॅक घ्यायचा आणि त्याला नाव द्यायचं. वरच्या-खालच्या बाणांनी ट्रॅकवरून ट्रॅकवर जाता येतं. ओसारा प्रत्येक ट्रॅकचं नाव सांगतो, आणि तो मुद्रणासाठी सज्ज आहे का, मुका केलेला आहे का, हेही सांगतो. एक कळ दाबली की ट्रॅक सज्ज, दुसरी दाबली की मुद्रण सुरू.

आवाजाची पातळी कशी बघायची? डोळस माणूस हिरवे-तांबडे दिवे बघतो. ओसारामध्ये पातळीवर पहारा ठेवायची सोय आहे. मर्यादा ठरवून द्यायची, आवाज तिच्यापलीकडे गेला की तो सांगतो. टाळ जोरात वाजला आणि आवाज फाटला, हे मागाहून कळण्याऐवजी तिथल्या तिथे कळतं.

एक अडचण आपल्या मनात आली असेल. हा स्क्रीन रीडर बोलत असतो, मग तोच भजनात मुद्रित होत नाही का? होतो, काळजी घेतली नाही तर. म्हणून कानाला बंद हेडफोन हवेत. शिवाय बोलणारा आवाज एका उपकरणातून आणि संगीत दुसऱ्यातून, अशी विभागणी करता येते. आमचा विद्यार्थी एका कानात छोटा इअरफोन घालून यंत्राचं ऐकतो, दुसऱ्या कानाने सुराचं. दोन्ही एकाच वेळी ऐकून वेगळं ठेवणं हा रियाजाचा भाग आहे, असं तो म्हणतो.

मग कापाकापी. इथे आमचे डोळे उघडले, असं म्हणायला हरकत नाही. तो पूर्वी गावातल्या एका स्टुडिओत जात असे. एकदा तिथल्या माणसाने त्याच्या भजनातला आरंभीचा हलका आलाप काढून टाकला. विचारलं तर म्हणाला, "तिथे रिकामं दिसत होतं." पडद्यावरची लाट बारीक होती, त्यामुळे त्याला ती शांतता वाटली. तो माणूस वाईट नव्हता हो. त्याने डोळ्यांवर विश्वास ठेवला, एवढंच. पण गाणाऱ्याचा षड्ज गेला तो गेला. पैसे देऊन, विनवणी करून, दुसऱ्याच्या हाताकडे बघत बसायचं, आणि आपल्या गाण्यात शांतता कुठे आहे हे त्याने ठरवायचं! त्या दिवशी त्याने घरी मुद्रण करायचं मनावर घेतलं. आता तो बाणांनी थोडं थोडं मागे-पुढे सरकतो, तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकतो, आणि श्वासाच्या अलीकडे कापायचं की पलीकडे ते कानाने ठरवतो. चुकलं तर एका कळीने मागे येता येतं.

सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. आवाजावर संस्कार करणारे जे पूरक प्रोग्रॅम असतात, घुमारा देणारे, सूर उजळवणारे, त्यांतले बरेचसे आपला चेहरा चित्रासारखा रंगवतात आणि घटकांची नावं सांगतच नाहीत. रीपरमध्ये यावर एक उतारा आहे. त्या प्रोग्रॅमने आपल्या खुंट्यांची यादी रीपरला दिलेली असेल, तर ती चित्राशिवाय, साध्या यादीसारखी उघडता येते आणि आकडे बदलता येतात. पण ती यादीही कधी अर्धवट असते. आमच्या विद्यार्थ्याने असा एक प्रोग्रॅम विकत घेतला होता. वर्षभर छान चालला. एके दिवशी नवी आवृत्ती आली, पडदा देखणा झाला आणि नावं नाहीशी झाली. एकाचं काम तीन दिवसांत द्यायचं होतं, ते अडकलं. कंपनीला पत्र लिहिलं, तर पुढच्या आवृत्तीत विचार करू असं उत्तर आलं.

इथे आपण दर्शनांकडे वळू. वैशेषिक काय म्हणतात? जे जे आहे, त्या सर्वांना तीन धर्म समान आहेत, असं प्रशस्तपादांनी सांगितलं: अस्तित्व, ज्ञेयत्व आणि अभिधेयत्व. म्हणजे जे आहे ते जाणता येतं, आणि त्याला नाव देता येतं. वर्गात आम्ही हे सूत्र घाईने उरकत असू. विद्यार्थी जांभया देत, आणि खरं सांगायचं तर आम्हीही. त्या खोलीत "बटण, बटण, बटण" ऐकताना या सूत्राचा अर्थ आम्हाला पहिल्यांदा टोचला. ते बटण आहे. त्याचं अस्तित्व कुणी नाकारत नाही. पण त्याचं नाव कुणी सांगितलं नाही, म्हणून ते जाणता येत नाही, आणि जाणता येत नाही म्हणून वापरता येत नाही. यात अभिधेयत्वाचा दोष नाही. नाव देता आलं असतं. कुणीतरी ते दिलं नाही. म्हणून हा प्रश्न डोळ्यांच्या अभावाचा म्हणता येत नाही, तो नावाच्या अभावाचा आहे. आणि नाव देणं तर डोळस माणसाच्या हातात होतं.

फ्रेंच तत्त्वज्ञ मर्लो-पाँती यांनी 1945 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अंध माणसाच्या काठीचं उदाहरण घेतलं आहे. सवय झाली की काठी हातातली वस्तू राहत नाही. माणसाची जाणीव काठीच्या टोकाशी जाते, काठी शरीरात मिसळते. स्क्रीन रीडरचंही असंच होतं. आमचा विद्यार्थी त्या यंत्राचा आवाज ऐकत नव्हता, त्या आवाजातून तो गाण्यापर्यंत पोचत होता. पण एक फरक आहे. काठी त्याची स्वतःची असते. इथे काठीचं टोक दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आहे, आणि तो दुसरा नवी आवृत्ती काढताना ते सहज मोडू शकतो.

आता पंगु-अंध न्यायाची दुरुस्ती करून टाकू. त्या दृष्टांतात पाहणारा वर बसतो आणि आज्ञा देतो, आंधळा चालतो. त्या खोलीत कोण कुणाला आज्ञा देत होतं? यंत्र सांगत होतं ते फक्त "काय आहे" एवढं. "काय करायचं" ते पेटीवाला ठरवत होता. जाणणाराही तोच, करणाराही तोच. सांख्यांचा सिद्धान्त आपण इथे खोडत नाही आहोत, त्यांना जड आणि चेतन यांचा संबंध दाखवायचा होता. पण दृष्टांत सांगताना माणसाला दृष्टांतापुरता लहान करू नये. ती चूक आमच्याकडून झाली, आणि ती आम्ही इथे नोंदवून ठेवतो.

आपल्यापैकी जे प्रोग्रॅम लिहितात त्यांना एकच विनंती: खुंटीला नाव द्या, आणि नवी आवृत्ती काढण्याआधी एकदा पडदा बंद करून ती कीबोर्डवर चालवून पाहा. जे साथीदार आहेत त्यांनी ट्रॅक पाठवताना "नवीन 2 फायनल" असं न लिहिता "तबला, दुसरं कडवं" असं लिहावं. आणि मदतीला बसणाऱ्यांनी माऊस हातात घेण्याआधी विचारावं.

निघताना आम्ही त्याला म्हटलं, आम्हालाही हे शिकव, वयोमानाने आमचेही डोळे आता दगा देऊ लागलेत. तो म्हणाला, "शिकवतो सर. पण वेग आधी अगदी कमी ठेवू." सध्या आम्ही त्या कमी वेगावरच आहोत, आणि रोज थोडा वाढवतो आहोत.

पुढच्या व्याख्यानात शब्दप्रमाण घेऊ. दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वास कधी ठेवावा, हा प्रश्न आज अर्धा उघडला आहेच.