नूट रॉकनी : आख्यायिकेआडचे परिश्रम

नॉर्वेतील व्हॉस या गावी ४ मार्च १८८८ रोजी जन्मलेला, आणि ज्या १८९३ साली शिकागोच्या विश्वप्रदर्शनानिमित्त भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांची वाणी घुमली त्याच साली, गाड्या बांधण्याचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या पित्यामागोमाग कुटुंबासह त्या नगरात येऊन राहिलेला नूट रॉकनी हा अमेरिकी फुटबॉलच्या इतिहासात जितका पूजिला गेला, तितकाच चुकीचा सांगितलाही गेला. १९४० साली निघालेल्या त्याच्यावरील चित्रपटाने आख्यायिकांना अधिकच बळ दिले. म्हणूनच त्याच्या महाविद्यालयीन खेळाविषयीचे काही रूढ समज वस्तुस्थितीच्या कसोटीवर घासून पाहणे अगत्याचे वाटते.

गैरसमज : अमेरिकी फुटबॉल हा आपल्याकडच्या फुटबॉलचाच एक प्रकार आहे.

वस्तुस्थिती : नाव पायाचे असले, तरी या खेळाचा मुख्य व्यवहार हाताशी आहे. दोन्ही टोकांना निमुळता असा लांबट चेंडू घेऊन अकरा गड्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे, आणि ते न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या हवाली करावा, ही रीत १९१२ साली कायम झाली. त्यापूर्वीचा खेळ म्हणजे दाट फळीने दाट फळीला रेटणे. त्या रेटारेटीत इतके तरुण जायबंदी झाले आणि कित्येक प्राणासही मुकले, की १९०५ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना पाचारण करून सुधारणेचा आग्रह धरला.

गैरसमज : रॉकनी जन्मजात खेळाडू असल्याने विद्यापीठाने त्याला मुद्दाम बोलावून घेतले.

वस्तुस्थिती : शिकागोच्या टपालखात्यात काही वर्षे नोकरी करून, पगारातून शिल्लक टाकीत टाकीत, तो १९१० साली इंडियाना राज्यातील नोटर डेम विद्यापीठात दाखल झाला तेव्हा त्याचे वय बावीस वर्षांचे होते. अंगलट ठेंगणी, वजन बेताचे. पहिल्या वर्षी संघात मिळालेली संधी त्याला पेलली नाही आणि त्याची रवानगी वसतिगृहाच्या संघात झाली. शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी तो रसायनशाळेत झाडलोटही करीत असे. अशा स्थितीतून धावण्याच्या व उड्यांच्या सरावाने अंग कमावून त्याने संघात पुन्हा प्रवेश मिळविला, आणि १९१३ साली तो कर्णधाराच्या हुद्द्यावर पोहोचला.

गैरसमज : चेंडू पुढे फेकण्याची युक्ती, म्हणजे ‘फॉरवर्ड पास’, रॉकनीने शोधून काढली.

वस्तुस्थिती : या युक्तीला नियमांची मंजुरी १९०६ सालीच मिळाली होती, आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबर रोजी सेंट लुईस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने, एडी कोचेम्स या प्रशिक्षकाच्या हाताखाली, तिचा पहिला कायदेशीर प्रयोग केला. मात्र मंजुरीबरोबर जाचक अटीही होत्या. फेकलेला चेंडू कोणाच्याही हातास न लागता भुईवर पडला, तर तो प्रतिपक्षाकडे जाई. त्यामुळे बहुतेक संघ असे धाडस करण्यास धजत नसत. १९१२ पर्यंत या अटी बऱ्याच सैल झाल्या, पण मिळालेली मुभा अंगवळणी पाडण्याचे काम उरलेच होते.

ते काम रॉकनीने केले. १९१३ च्या उन्हाळ्यात ईरी सरोवराच्या काठी सीडर पॉइंट या विश्रांतिस्थानी नोकरी करीत असता, फावल्या वेळात तो आणि त्याचा सोबती गस डोराइस वाळूवर चेंडू फेकण्या-झेलण्याचा सराव करीत. चेंडू छातीशी कवटाळण्याऐवजी धावता धावता, सैल बोटांनी, हातात अलगद उतरवून घ्यावा, हे तेथे त्याने घोटून घोटून आत्मसात केले. पुढे १ नोव्हेंबर १९१३ रोजी वेस्ट पॉइंट येथे लष्करी अकादमीच्या बलाढ्य संघाशी सामना झाला, तेव्हा मध्यंतराला जेमतेम १४–१३ अशी आघाडी असलेल्या नोटर डेमने अखेर ३५–१३ असा विजय मिळविला. डोराइसच्या फेकींनी २४३ यार्डांची मजल मारली. पूर्वेकडील वृत्तपत्रांनी ही खेळी उचलून धरली, आणि जे त्यांना नवे वाटले ते जगालाच नवे असल्याचा समज रूढ झाला. या विजयामागे जेसी हार्पर या प्रशिक्षकाची योजकताही होती, हे विसरता कामा नये.

गैरसमज : नोटर डेमच्या संघात केवळ आयरिश कॅथॉलिकांनाच स्थान असे.

वस्तुस्थिती : ज्या संघाला पुढे ‘फायटिंग आयरिश’ हे बिरुद अधिकृतपणे लाभले, त्याचा १९१३ मधील कर्णधार नॉर्वेत जन्मलेला ल्यूथरपंथी होता. त्याने कॅथॉलिक पंथ स्वीकारला तो १९२५ साली, म्हणजे विद्यार्थिदशा संपून अकरा वर्षे लोटल्यावर.

गैरसमज : मैदान गाजविणाऱ्याचे अध्ययनाकडे दुर्लक्षच होते.

वस्तुस्थिती : १९१४ साली औषधनिर्माणशास्त्राची पदवी संपादन करून रॉकनी रसायनशास्त्राचा साहाय्यक म्हणून विद्यापीठातच रुजू झाला आणि त्याच वेळी हार्परचा दुय्यम प्रशिक्षक म्हणूनही काम पाहू लागला. १९१८ मध्ये मुख्य प्रशिक्षकपद त्याच्याकडे आले. तेरा हंगामांत १०५ विजय, १२ पराभव आणि ५ बरोबरी अशी नोंद करून ठेवणारा हा पुरुष ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्ससमधील विमान अपघातात, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी निधन पावला.

आद्य शोधकाचा मुकुट त्याच्या मस्तकावरून उतरविल्याने त्याची थोरवी उणावते, असे मला मुळीच वाटत नाही. टपालाच्या कचेरीत पै-पै साठविताना, रसायनशाळेत झाडू मारताना आणि सरोवराकाठच्या वाळूवर तोच झेल शंभरदा घेताना या परदेशातून आलेल्या तरुणाने जी चिकाटी दाखविली, ती त्या मुकुटाच्या झगमगाटात दिसेनाशी झाली होती. आणि जो कोणी आज परक्या भूमीत रिकाम्या हातांनी विद्येच्या दारी उभा आहे, त्याला उपयोगी पडण्यासारखी गोष्ट नेमकी तीच आहे.